होड्या मोजल्या, माणसं राहिली

काहीजण म्हणतात की मासळीचं व्यवस्थापन करायचं तर होड्या आणि मासळीचे आकडे पुरेत. माझ्या मते, नाही पुरत. आपली रापणच घ्या. होडीतून जाळं अर्धगोल टाकायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकं ओढायची, त्याला पुष्कळ हात लागतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात, त्यात जाळ्याचा आणि होडीचा वाटा वेगळा. सर्वेक्षणात 'एक होडी' एवढीच नोंद झाली तर दोरी ओढणारी सगळी माणसं गायब! बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांचंही तेच. घरचा रोजचा पैसा बहुधा त्यांच्याच हातून फिरतो, पण मच्छीमार म्हणून नाव लागतं नवऱ्याचं.

कायद्यांची कमतरता नाही. सत्तरच्या दशकात गोव्यातल्या रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध (जाळं मागे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींविरुद्ध) आंदोलन केलं, १९८० साली तिथे सागरी मासेमारी नियमन कायदा आला. एलईडी दिव्यांच्या झोताने मासे गोळा करून केलेल्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तक्रारी चालूच. पण जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ही घरं कशावर चालतात, उसने कुणाकडून घेतात, ते सर्वेक्षणात आधी विचारा. आणि ते होडीमालकाला नको, दोरी ओढणाऱ्याला विचारा. त्यात आता बाहेरून आलेले कामगारही असतात, त्यांना वगळू नका.