'आजी' दिसली की लगेच मराठी रक्त?

शब्दखोर
काल इथं एक पोस्ट वाचली: 'दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या कवयित्री राजकुमारी सिंग, दीर्घ सर्जनशील आयुष्य, कवितेचं नावच "पर आजी", म्हणजे मराठी रक्त नक्की!' डोकंच फिरलं. अहो, आजी भोजपुरीतही आहे. गयानात बापाची आई ती आजी, आईची आई ती नानी. पर आजी म्हणजे पणजी, बस्स. १८३८ ते १९१७ मध्ये सुमारे २ लाख ३९ हजार माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिकडच्या उसाच्या मळ्यांत नेली, त्यातली बहुतेक भोजपुरी-अवधी पट्ट्यातली, कलकत्त्याहून जहाजात चढलेली. १९७१ ची ही कविता पहिल्या गिरमिटिया बाईला वाहिलेली आहे. बाईंनी १९७३ मध्ये 'मी कुली आहे' असा निबंध लिहिला. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द पोरांनी टाकून देऊ नये, पूर्वजांच्या घामाचं नाव म्हणून मिरवावा, असा हट्ट. त्यावर कुणी बोललं का? नाही. आपल्याला आडनाव शोधायचं होतं.

रत्नांग्रीकर
पोस्ट माझीच. रक्त म्हणालो ते चुकलं, घ्या, कानाला खडा. पण मॉरिशसला आमच्या कोकणातून गेलेले मराठी गिरमिटिये कुणाला आठवतात? त्यांच्यावर कधी धागा निघाला?

खवचट
आणि दीर्घ कसलं? १९२३ ते १९७९, म्हणजे ५६ वर्षं. आमच्याकडे ५६ ला माणूस सोसायटीच्या निवडणुकीला पहिल्यांदा उभा राहतो.

बीडची_लेक
मला निबंधच खटकतो. माझे आईवडील १४ हंगाम ऊसतोडीला गेले. मुकादमाच्या वहीत त्यांची नावं नव्हती, 'एक कोयता' एवढंच. नवराबायको मिळून एक कोयता. बाई एकटी असली तर अर्धा कोयता. पहाटे चारला मोळ्या बांधताना पाचटानं आईचे हात असे चिरायचे की भाकरी थापताना पिठात रक्त उतरायचं. तिला सांगून बघा, 'कोयता' शब्द अभिमानानं मिरव म्हणून. चूल फुंकायची फुंकणी फेकून मारेल. राजकुमारीबाई डॉक्टर जे. बी. सिंग यांच्या कन्या. वडील डॉक्टर, वर राजकारणात. त्या घरात बसून कुली म्हणवून घ्यायला काय जातं?

शब्दखोर
ताई, मग 'दलित' शब्दाचं काय करायचं? १९७२ ला मुंबईत पँथर उभी राहिली, १९७३ ला हा निबंध. दोन्हीकडे एकच हवा होती.

बीडची_लेक
नाही हो, एक नव्हती. 'दलित' आम्ही आमच्यासाठी निवडला, कुणी शिवी म्हणून फेकला नव्हता. वाचून या आधी.

शब्दखोर
बरं, तेवढं मान्य. पण डॉक्टरची मुलगी म्हणून बाईंना उडवून लावू नका. लहानपणी पोलिओ झाला, तरी नाटकं, कविता, रेडिओ सगळं केलं. 'मेसेंजर ग्रुप' नावाचा लिहिणाऱ्यांचा गट काढून महादाई दास, रूपलाल मोनार यांच्यासारखी पोरं घरी जमवली. महादाईंनी पुढं जहाजांवर कविता लिहिली, ती बाईंच्या ओट्यावरून उठून.

क्वीन्सकर
मी न्यूयॉर्कला, क्वीन्समधल्या रिचमंड हिलला राहतो. बाईंच्या लेकीनं, प्रीथा सिंग यांनी, आईच्या नावानं इथंच क्वीन्समध्ये सांस्कृतिक केंद्र काढलं. एकदा भाजीच्या दुकानात एक गयानीज म्हातारी दुधी दाबून बघत होती. मी बोटानं नको म्हटलं, जून आहे. ती म्हणाली, माझी आजीपण नख लावून बघायची. 'आजी' ऐकून मी दोन मिनिटं तिथंच उभा. तेव्हा रत्नांग्रीकरांना फार झोडपू नका, मलाही तसंच वाटलं होतं.

रत्नांग्रीकर
बघा!! शिव्या मलाच का मग?

खवचट
तुम्ही रक्त काढलंत, त्यांनी फक्त दुधी.

बीडची_लेक
कुलीचं मला पटलेलं नाही, पटणारही नाही. पण ती कविता परत वाचली. जहाजातून उतरलेली बाई, खांदे ताठ, मान वर. कुणी नीट मराठीत आणून टाका. आईला वाचून दाखवते. निबंध तेवढा लपवून ठेवा.

रत्नांग्रीकर
टाकतो. आणि मॉरिशसचं?