'इलमॅटिक'चे पाच प्रोड्युसर
एका अल्बमला पाच-पाच प्रोड्युसर (म्हणजे रॅपमागचं संगीत, बीट्स रचणारे) लावले की खिचडी होते, असं म्हणतात; एरवी ते मलाही पटलं असतं. पण रॅपर नासच्या 'इलमॅटिक' या अल्बमला (१९९४) ते लागू होत नाही. डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर, एल.ई.एस. हे सगळे न्यूयॉर्कच्या एकाच वर्तुळातले, आणि बहुतेकांचा जीव जुन्या जॅझ-सोलच्या तबकड्यांत अडकलेला. 'द वर्ल्ड इज युअर्स'मध्ये पीट रॉकने अहमद जमालच्या पियानोचा छोटासा तुकडा फिरवत ठेवलाय, तो डोक्यातून जातच नाही. प्रीमियरने 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'मध्ये दुसऱ्याच एका तबकडीतला पियानो भीतीदायक करून टाकलाय. 'लाइफ्स अ बिच'च्या शेवटी कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवणारे ओलू दारा तर नासचे वडीलच!

पण सगळं श्रेय बीट्सना देऊ नका. विशीतला पोरगा न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या सरकारी वसाहतीतलं जगणं सांगतो, तेही उपदेशाचा डोस न पाजता. 'वन लव्ह' म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रंच. शिवाय सगळा ऐवज जेमतेम ४० मिनिटांचा, भरताड नाही.

लार्ज प्रोफेसर मात्र अशा चर्चांत उगाच मागे पडतो. अल्बममधलं 'हाफटाइम' हे गाणं त्याचंच, आणि ते १९९२ मध्येच आलं होतं.