प्रिंटेबल व्हिनाइल स्टिकर: कट सरकतोय, शाई पसरतेय

प्रश्न: भाचीच्या डब्यासाठी आणि वह्यांसाठी तिच्या नावाचे स्टिकर करतेय. तिनेच काढलेलं मांजर स्कॅन करून नावाशेजारी बसवलंय. इंकजेट प्रिंटर, चकचकीत प्रिंटेबल व्हिनाइल (छापता येणारी, मागे चिकट अशी प्लॅस्टिकची शीट), घरगुती कटिंग मशीन. पण कट दरवेळी उजवीकडे सरकतो आणि मांजराचा डावा कान पांढऱ्या कडेसकट येतो. शिवाय ओला हात लागला की शाई पसरते. डबा रोज धुतला जाणार, म्हणून विचारतेय.

उत्तर १: ताई, सरकणं एकाच दिशेला आहे म्हणजे मशीनचं कॅलिब्रेशन (छपाई आणि कट जुळवून घेणं) पुन्हा करा. प्रिंट १००% स्केलवरच काढा, 'फिट टू पेज' बंद. आणि चित्राचा रंग कटरेषेबाहेर २ मिमी वाढवा, मग जरा हललं तरी पांढरी कड दिसत नाही.

उत्तर २: चकचकीत शीटवर उजेड परावर्तित होऊन मशीनच्या सेन्सरला रजिस्ट्रेशन मार्क (कट कुठे करायचा ते मशीनला कळावं म्हणून छापलेल्या खुणा) नीट वाचता येत नाहीत. मार्कांवर मॅट पारदर्शक टेप लावून बघा. शाईचं म्हणाल तर डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) पाण्याला टिकत नाही, पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांची) बरीच बरी. तरी डब्यासाठी लॅमिनेट, म्हणजे वरून चिकटवायची पारदर्शक फिल्म, हवंच. शाई पूर्ण वाळू द्या, मग फिल्म लावा, मग कापा. फिल्म मार्कांवर जाऊ देऊ नका.

प्रश्नकर्ती: टेपने काम झालं, कान शाबूत! फिल्म लावल्यावर पातं तेवढ्याच दाबावर ठेवू का?

उत्तर २: नाही, जाडी वाढते. कोपऱ्यात छोटा चौकोन कापून बघा: व्हिनाइल सुटलं पाहिजे, मागचा कागद अखंड राहिला पाहिजे.