आयेल्ट्स लेखन: व्याकरण पाठ करून भागेल?

एका ताईंना सल्ला मिळालाय की आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेसाठी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक पाठ करा. नको हो! लेखनात व्याकरणाला 25 टक्के वजन आहे खरं, पण तिथे नियम विचारत नाहीत, तुमची वाक्यं बघतात. आपण गोंयकार (गोव्याचे लोक) अडतो ते ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ या नामाआधीच्या उपपदांपाशी. मराठीत नाहीत, कोकणीतही नाहीत. गळले तरी डोळ्यांना खटकत नाहीत. 40 मिनिटांत निदान 250 शब्दांचा निबंध लिहा, दुसऱ्या दिवशी फक्त नामांवर बोट ठेवत तपासा. क्रियापदांचे काळ वेगळ्या फेरीत तपासा. मिश्र वाक्यं हवीतच, पण चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीसारखं सगळं एकाच वाक्यात टांगू नका. आणि लेखनाच्या पहिल्या प्रश्नापेक्षा दुसऱ्याला, म्हणजे या निबंधाला, दुप्पट वजन, तेव्हा सराव त्याचा जास्त.