टीडीएस ४२० आला म्हणून नळाचं पाणी विष?

मजरेवाडीकर : काल आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर एकाने पाण्यात मीटर बुडवून फोटो टाकला. ‘टीडीएस ४२०! महापालिका विष पाजते, सगळ्यांनी आरओ लावा.’ खाली अंगठ्यांचा पाऊस. अहो, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. मीटर त्यांचाच अंदाज देतो, जंतू त्याला दिसत नाहीत. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत बिनदिक्कत चालतं, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत. गटार मिसळलेलं पाणीही ३०० दाखवू शकतं! बघायचं ते क्लोरीन. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं हवं.

शेंगाचटणी : पुस्तक वाचून काय सांगलालाव? आमच्याकडं चार-चार दिवसांनी पाणी, सुरुवातीला तर चहाच येतो. तुमचं क्लोरीन तुम्हीच प्या.

मजरेवाडीकर : तेच म्हणतोय. पाकणी, सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रांतून शुद्ध होऊनच निघतं. मधे लाइन रिकामी पडली की गळक्या जोडातून शेजारचं गटार आत शिरतं. वर लोक नळालाच मोटर लावतात, ती आणखी ओढते. मग तेच पाणी पिंपात चार दिवस. क्लोरीन कधीच उडालेलं असतं.

शेंगाचटणी : मोटर लावू नको तर दुसऱ्या मजल्यावर पाणी तुम्ही आणून देताव?

भीमाकाठ : पिंप-मोटर काय घेऊन बसलात! पुणे-पिंपरीचा मैला आपल्याला पाणी देणाऱ्या उजनी धरणात येतो, त्यावर बोला. नत्र-फॉस्फरस मिळालं की शेवाळ माजतं. उन्हाळ्यात धरण हिरवंगार. मग तुरटी-क्लोरीन ओता वाढवून, वास तरीही येतोच.

कोथरूडातला सोलापुरी : आलं, पुणं आलं! उसाला ओतलेलं खत आणि कारखान्यांची मळी उजनीत अत्तर होऊन जाते का? आणि आपलं सांडपाणी? सीनेत. हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते, पुढं कर्नाटक. त्यांनी आपल्याबद्दल काय बोलायचं?

भीमाकाठ : पुण्याचं वकीलपत्र फुकट घेतलंत की फी मिळते? पन्नास लाखांचं शहर आणि आमचे नाले एकाच तराजूत?

कोथरूडातला सोलापुरी : घाण घाणच. गावाकडं आलो की आई मला फिल्टरचं देते आणि स्वतः नळाचं पिते. तिला काही होत नाही, मलाच होतं.

भीमाकाठ : पुण्यात राहून पोट नाजूक झालंय तुमचं.

भवानीपेठेतली मावशी : भांडा. आमच्या भाच्याला लग्नातल्या जारचं पाणी पिऊन कावीळ झाली, महिनाभर अंथरुणात होता. जार थंड असतो एवढंच, आत काय ते देवाला ठाऊक. मी उकळून पिते.

मजरेवाडीकर : मावशी, जंतूंसाठी उकळणं बेस्टच. क्षार मात्र जात नाहीत. आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत सोडतो, तेही चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात!

शेंगाचटणी : ते पाणी आम्ही फरशीला वापरतो, शहाणे. बरं, पिंप धुतो रविवारी, झालं समाधान? आरओ काढायचा नाही. हप्ते चालू आहेत.