शब्दचर्चा: लेटरबुक, क्रॉस केलेले पत्र, लॉग

प्रश्न: ब्रिटिश आरमारातला मॅथ्यू फ्लिंडर्स (१७७४–१८१४) याच्या घरच्या कागदांचे वर्णन मराठीत करायचे आहे. हे कागद मुख्यतः ग्रीनिचचे नॅशनल मेरिटाइम म्युझियम आणि सिडनीची स्टेट लायब्ररी इथे आहेत. ‘फॅमिली पेपर्स’, ‘लेटरबुक’, ‘क्रॉस्ड लेटर’, ‘लॉग’ यांना काय म्हणावे?

उत्तर १: ‘पेपर्स’ला नुसते ‘कागद’ म्हणा. ‘कागदपत्रे’ म्हटले की आज सातबारा नि दाखले डोळ्यांपुढे येतात. आपले इतिहाससंशोधक ‘अमुक घराण्याचे कागद’ असेच लिहीत आले आहेत. ‘दफ्तर’ सरकारी किंवा मोठ्या घराण्याच्या संग्रहाला शोभते.

‘लेटरबुक’ला ‘पत्रव्यवहार’ मुळीच लिहू नका. घरात राहतात ती आलेली पत्रे; धाडलेली पत्रे समोरच्याच्या घरी. आपण काय लिहिले हे आठवावे म्हणून पाठवणारा मजकूर एका वहीत उतरवून ठेवतो, ती लेटरबुक. फ्लिंडर्स डिसेंबर १८०३ ते जून १८१० मॉरिशसमध्ये फ्रेंचांच्या अटकेत होता. युद्धाच्या दिवसांत पत्र पोचेलच याचा भरवसा नसे, म्हणून एकच पत्र दोन जहाजांनी दोनदा धाडण्याची रीत होती. म्हणजे एका पत्राचे तीन पाठ असू शकतात: वहीतला, पहिल्या जहाजाचा, दुसऱ्या जहाजाचा. त्यांतला कोणता वापरला ते सांगायलाच हवे. माझा शब्द: नकलवही.

उत्तर २: ‘जावक बारनिशी’ का नको?

उत्तर १: बारनिशीत तारीख, कोणाला आणि विषय एवढेच असते, इथे अख्खा मजकूर आहे.

उत्तर ३: ‘क्रॉस्ड लेटर’बद्दल. ‘क्रॉस केलेले’ म्हटले की मराठी वाचकाला चेक आठवतो. सरळ ‘आडवे-उभे लिहिलेले पत्र’ म्हणावे. १८४० पूर्वी इंग्लंडात टपालहशील अंतरावर नि कागदांच्या संख्येवर पडे आणि बहुधा पत्र घेणारा ते भरी. लिफाफा हाही एक कागद धरला जाई. म्हणून एकच ताव घडी घालून त्याची चार पृष्ठे करत, चौथ्याच्या मध्यावर पत्ता, आणि जागा संपली की ताव काटकोनात फिरवून लिहिलेल्यावरच पुन्हा लिहीत. १७९५ पासून खलाशांना एका पेनीत पत्र धाडता येई, पण ती सवलत अधिकाऱ्यांना नव्हती. त्यांच्या घरच्या पत्रांत असा दाट मजकूर दिसतो त्याचे हेही एक कारण.

वाचताना नेहमीची चूक अशी: पहिल्या पृष्ठावरचा आडवा नि उभा मजकूर सलग उतरवला जातो. खरे तर लिहिणारा बहुधा चारही पृष्ठे संपवून मग पहिल्यावर परततो. आधी सगळी पृष्ठे एकाच दिशेने उतरवा, मग छायाचित्र ९० अंशांत फिरवून दुसरी दिशा. पत्र बंद करणारी लाखेची मोहोर उकलताना फाटलेल्या जागी शब्द अंदाजाने भरू नका. चौकोनी कंसात ‘फाटले’ लिहा.

उत्तर २: ‘लॉग’ला रोजनिशी नको, ‘जहाजाची नोंदवही’ बरी. रोजनिशी खासगी, फ्लिंडर्सची तशी वेगळी आहे. तारखांना मात्र जपा. १८०५ च्या हुकमापर्यंत ब्रिटिश आरमाराच्या नोंदीतला दिवस दुपारी बाराला सुरू होई, तोही लौकिक तारखेच्या बारा तास आधी. म्हणून अशा नोंदीतली १७ तारखेची दुपार म्हणजे घरच्या पत्रातली १६ ची दुपार. सूर्योदयापासून दिवस मोजणाऱ्या आपल्या पंचांगाची सवय असलेल्याला हे लगेच पटेल.

उत्तर ३: हुद्द्याचेही पाहा. १८०१ मध्ये तो कमांडर झाला, पण बोलण्यात ‘कॅप्टन’. तो हुद्दा प्रत्यक्षात १८१० मध्ये मिळाला. आधीच्या पत्रांवर ‘कॅप्टन’ दिसले तर तसेच ठेवा, वर्णनात मात्र ‘कमांडर’ लिहा.

प्रश्नकर्ता: पत्राच्या पाठीवर ‘मिळाले अमुक तारखेस, उत्तर दिले तमुक तारखेस’ असे बारीक अक्षरात असते. त्याला शब्द?

उत्तर १: आपल्या जुन्या कागदांतला तयार शब्द आहे: पैवस्ती. पत्र पोचल्याची तारीख तिथे याच शब्दाने नोंदवत. ‘पाठीवर पैवस्तीची नोंद’ असे लिहा; उत्तराची तारीख तिच्याच पुढे वेगळी द्या, कारण दोन्ही नोंदींची शाई कधी कधी निरनिराळी असते.