मदत हवी आहे: सिकलसेलचा दोष प्रत्येक पेशीत असेल, तर तो रक्तातच का दिसतो?

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातील एका शाळेत विज्ञान शिकवतो. आनुवंशिकतेचा पाठ सुरू असताना एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला पाठ्यपुस्तकात सापडले नाही, म्हणून येथे विचारत आहे.

वर्गात झालेला भाग आधी मांडतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना मुळापासून सुरुवात करावी लागणार नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्यात एके ठिकाणी जीएजी ही तीन अक्षरे असायला हवीत, तेथे सिकलसेलमध्ये जीटीजी असतात. केंद्रकात या जनुकाची आरएनए प्रत तयार होते, ती रायबोसोमकडे जाते, आणि तेथे तीन-तीन अक्षरांनुसार अमिनो आम्ले जोडली जात असताना ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

अडचण यापुढची आहे. सगळे शरीर एकाच फलित अंड्यापासून घडते, तर यकृताच्या आणि त्वचेच्या पेशींतही तेच जीटीजी असणार. मग त्या पेशी हे जनुक वाचत का नाहीत? ‘गरज नसते म्हणून’ असे म्हणावे, तर गरज नाही हे पेशीला कळते कसे, असा पुढचा प्रश्न लगेच आला. शिवाय एसएस असलेल्या, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक मिळालेल्या, बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही, असे आमच्याकडच्या आशाताई सांगतात. दोष जन्मापासूनच असताना असे का व्हावे?

एक किरकोळ शंकाही आहे. पुस्तकात बदललेले अमिनो आम्ल सहावे म्हटले आहे, नव्या लेखांत मात्र सातवे. यातले योग्य कोणते?

प्रतिसाद

सर, किरकोळ शंका आधी संपवतो. दोन्ही क्रमांक बरोबर आहेत. साखळीची सुरुवात मेथिओनिनने होते आणि नंतर ते कापले जाते. जुन्या मोजणीत ते धरत नसत, नव्या मोजणीत धरतात.

आता मुख्य प्रश्न. पेशीला गरज ‘कळत’ नाही. तिच्यात त्या वेळी कोणती प्रथिने हजर आहेत, यावर सगळे ठरते. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. यकृताच्या पेशीत बीटा जनुकाचा भाग घट्ट मिटलेला असल्यामुळे आरएनए बनवणारे विकर तेथे कामच सुरू करू शकत नाही. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडवणाऱ्या पूर्वपेशींमध्ये मात्र गाटा-१ आणि केएलएफ-१ ही प्रथिने असतात. ती हा भाग उघडतात, आणि हजारो अक्षरे दूर असलेला एक नियंत्रक पट्टा, डीएनएला वळण पडून, जनुकाजवळ येतो. ही प्रथिने कोठून आली, असे विद्यार्थिनी विचारीलच; पेशीच्या आधीच्या टप्प्यात उघड्या असलेल्या जनुकांमुळे आणि बाहेरून येणाऱ्या एरिथ्रोपोएटिनसारख्या (तांबड्या पेशींची घडण वाढवणारे संप्रेरक) संकेतांमुळे ही साखळी पुढे सरकते. परिपक्व तांबड्या पेशीत तर केंद्रकही उरत नाही, जनुकाचे वाचन त्याआधीच झालेले असते. म्हणूनच रक्तावरून सिकलसेलची डीएनए चाचणी करायची असेल, तर डीएनए पांढऱ्या पेशींतून काढतात. तेच जीटीजी त्यांच्यात न वाचता पडून असते.

आशाताईंचे निरीक्षण अचूक आहे. गर्भात बीटाऐवजी मुख्यतः गॅमा साखळी वापरली जाते. तिची जनुके त्याच अकराव्या गुणसूत्रावर, बीटाच्या शेजारीच असतात आणि त्यांत हा दोष नसतो. जन्माच्या सुमारास बीसीएल-११-ए हे प्रथिन गॅमा जनुके दाबू लागते, बीटाचे प्रमाण वाढते, आणि साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास त्रास दिसू लागतो. रुग्णांना दिले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भावस्थेतले हे हिमोग्लोबिन काही प्रमाणात पुन्हा वाढवते. 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या क्रिस्पर (डीएनए ठरावीक जागी कापण्याचे तंत्र) उपचारात रुग्णाच्याच रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून, तांबड्या पेशींच्या घडणीत बीसीएल-११-ए चालू ठेवणारा पट्टा निकामी करतात. त्या उपचारात जीटीजीला हातही लावलेला नसतो, आणि बीजपेशीही बदललेल्या नसतात; त्यामुळे बऱ्या झालेल्या रुग्णाच्या प्रत्येक अपत्याकडे त्या जनुकाची एक प्रत जातेच.